मदत हवी आहे: जपानमध्ये नोकरी गेली, आता आरोग्य विमा कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी,
तोक्योत निशिकासाईला राहतो, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. कंपनीने आमची अख्खी टीमच बंद केली, ३१ तारखेला नोकरी संपली. आजवर विम्याकडे कधी बघितलंच नव्हतं. हप्ता पगारातून कापला जायचा, अर्धा कंपनी भरायची, बायको-मुलगी माझ्या विम्यात फुकट. दवाखान्यात बिलाचे ३० टक्के दिले की झालं. (मुलीचे तेवढेही नाहीत, ते वॉर्ड ऑफिस भरतं.)

काल दाढ ठणकायला लागली म्हणून गेलो. माय नंबर कार्ड (इथलं ओळखपत्र, विमाही त्यालाच जोडलेला) यंत्रात ठेवलं. काउंटरवरची बाई पडद्याकडे बघतच राहिली, मग हळूच म्हणाली, आज पूर्ण पैसे भरावे लागतील. दाढ राहिली बाजूला!

वॉर्ड ऑफिस म्हणतं, १४ दिवसांत कोकुहो, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य विमा घ्या. एचआर म्हणतं, २० दिवसांत अर्ज करून जुनाच चालू ठेवा. १९६१ पासून इथे विमा सगळ्यांनाच सक्तीचा, त्यामुळे 'बघू नंतर' चालत नाही. स्वस्त काय पडेल? आणि सांगलीहून आई-बाबा ९० दिवसांसाठी येतायत, त्यांना यात घालता येईल का?

सायतामाकर:
जुना विमा ठेवलात तर कंपनीचा वाटाही तुमच्याच खिशातून. पण हप्त्याला कमाल मर्यादा असते, घरचे फुकटच राहतात, आणि दोन वर्षं चालतो. कोकुहोत घरच्यांना फुकट नाही, माणशी आकारणी (शाळेत न जाणाऱ्या मुलांची निम्मी). शिवाय हिशोब गेल्या वर्षीच्या कमाईवर. म्हणजे आज पगार शून्य, हप्ता मात्र साहेबाचा.

पण तुम्हाला काढलंय ना? मग कोकुहोसाठी गेल्या वर्षीचा पगार ३० टक्केच धरतात. हॅलो वर्कच्या (सरकारी रोजगार कार्यालयाच्या) कागदावर नोकरी सुटण्याच्या कारणाचा क्रमांक असतो, त्यावर ही सवलत ठरते. मी स्वतः राजीनामा दिला होता, मला काही मिळालं नाही. वॉर्ड ऑफिसात सवलत धरून आकडा काढून मागा, मग एचआरच्या आकड्याशी ताडून बघा.

आई-बाबांना नाही घालता येणार, तीन महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्याचा परवाना लागतो. भारतातूनच प्रवास विमा काढा, आणि बीपी-शुगर असेल तर आधीच्या आजारांचं कलम नीट वाचा.

दाताची पावती जपून ठेवा. कोकुहो नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू धरतात, त्यामुळे त्या बिलातला विम्याचा वाटा नंतर परत मागता येतो.

धागाकर्ता:
खूप आभार! पण हॅलो वर्कचा कागद यायच्या आधीच माझे १४ दिवस संपतात. आधी कोकुहो घेऊन सवलत नंतर मागता येते?

सायतामाकर:
येते. सोमवारी सकाळीच जा, दुपारी रांग फार असते.