आइसलंड: फोर बाय फोर घेतली तरी विम्याचं कलम वाचा

बरेच जण सांगतात की आइसलंडमध्ये बसच्या नादी लागूच नये, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) भाड्याने घ्यावी आणि कुठेही जावं. देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडपुरतं पटलं. सुमारे १३२० किमीचा तो रस्ता बसने करणं म्हणजे वेळापत्रकाचं ओझं वाहणं, आणि उन्हाळ्यात त्याला साधी छोटी गाडीही पुरते. पण 'कुठेही' नाही हो! आतल्या डोंगराळ भागातले रस्ते, ज्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' असतो, तिथे फोर बाय फोर सक्तीचीच आहे. मात्र नदी ओलांडताना गाडीत पाणी शिरलं तर ते नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा धरत नाहीत. अगदी महागातला 'फुल' विमा घेतला तरी.

थोर्समोर्क या डोंगरांमधल्या दरीत जाताना हे जास्त जाणवतं. तिथल्या क्रोसाउ नदीला हिमनदीचं पाणी येतं. ते गढूळ असल्याने तळ दिसत नाही, आणि ऊन पडलं किंवा पाऊस झाला की पातळी काही तासांत चढते. आम्ही गाडी सेल्यालान्सफॉस धबधब्याजवळ लावली आणि तिथून उंच चाकांची बस पकडली. ड्रायव्हर पाण्याचा अंदाज घेत, हवं तिथून बस वळवत आरामात पलीकडे गेला. या बसेस फक्त उन्हाळ्यात असतात, तेव्हा तिकीट आधी काढा.

आणि वाऱ्यात गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने उलटलेलं दारही बहुतेक विम्यांत बसत नाही.