सरावाला काय घ्यावं: मोठ्या ब्रँडचा लोगो की मंडळाचा अहवाल?

पेठेतला पिक्सेल
पुण्यात फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन. सध्या हातात काम कमी आहे, म्हणून पोर्टफोलिओ वाढवायचाय. आतापर्यंत सात-आठ नामांकित ब्रँडचे लोगो नव्याने करून टाकलेत. लोक ‘भारी’ म्हणतात, काम कुणी देत नाही. दुकानं, क्लासेस, मंडळं यांची कामं हवी असतील तर सराव कशावर करावा? स्वतःचं पोस्टकार्ड छापून वाटलं तर उपयोग होतो का?

कटिंगमार्क
लोगो बास झाले. गणेश मंडळाचा वार्षिक अहवाल करा. १६ पानं, ए५, सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना मारलेला). त्यात जमाखर्च आहे, वर्गणीदारांची ३०० नावं आहेत, पाव पानी जाहिराती आहेत. म्हणजे गिऱ्हाईक खरोखर जे घेऊन येतं ते सगळं. मंडळ काल्पनिक ठेवा, नावं आणि आकडेही तुमचेच, पण जमा आणि खर्चाचा ताळेबंद जुळू द्या. हिशेब बघणारा खजिनदार आधी बेरीजच तपासतो! पहिल्याच पानावर ‘सरावासाठी केलेलं काम’ असं स्पष्ट लिहा.

पानं ४ च्या पटीत हवीत. घडी घातल्यावर मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा समास कमी होतो, म्हणून पृष्ठांक कडेपासून १० मिमी आत. बारीक अक्षर फक्त काळ्या शाईत, के १०० (काळी १०० टक्के, बाकी रंग शून्य). चार रंगांचा काळा केलात आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं, की जोडाक्षरांना रंगीत कडा दिसते.

रफार
त्यात देवनागरीची भर घालतो, कारण बरेच पोर्टफोलिओ तिथेच उघडे पडतात. ‘किती’ टाइप केल्यावर पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली, तर इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे अशा लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडा. इलस्ट्रेटरमध्ये आधी टाइपच्या प्रेफरन्समध्ये इंडिक पर्याय चालू करा. फॉन्टमध्ये मराठी ल आणि श असतील तर भाषा मराठी निवडल्याशिवाय ते बहुधा येत नाहीत, हिंदी वळणाचेच राहतात. हे बघणाऱ्याला लगेच खटकतं.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात तर ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’, ‘कार्य’ हे शब्द डोळ्यांनी तपासा. रफार आणि अर्धा र तिथेच घसरतात. आकडे उजवीकडे टॅबने लावा, स्पेस मारून नाही. सगळ्या फॉन्टमध्ये देवनागरी अंकांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे १,११,१११ खाली ४,५६,७८९ आलं की रकाना वाकडा दिसतो. अशा वेळी फॉन्ट बदललेला बरा. मुक्ता मुक्त परवान्याचा आहे, त्यावर करून बघा.

पेठेतला पिक्सेल
अहवाल पटला. पोस्टकार्ड ४×६ इंचाचं केलंय, १२×१८ च्या शीटवर बरोबर ९ बसतात ना?

कटिंगमार्क
कागदावरच्या गणितात बसतात, मशीनवर नाही. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारी जादा छपाई) धरलं की कार्ड होतं १०८×१५८ मिमी. शीटच्या कडेला साधारण ५ मिमी छपाई येत नाही, म्हणजे हाताशी उरते २९५×४४७. सरळ मांडणीत ४ च कार्डं. माप ९०×१४० करा; ब्लीडसकट ९६×१४६, मग तीन गुणिले तीन, ९. ३०० जीएसएम आर्ट कार्ड चालेल. घडीचं करणार असाल तर क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच पाडणं) आधी, नाहीतर घडीवर टोनर फुटतो.

आणि वाटत सुटू नका. अहवालाची एक प्रत छापून ती हातात द्या, पोस्टकार्ड त्यातच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलात तर जमाखर्चाचे आकडे वाचता येणार नाहीत.

रफार
वेळ सांभाळा. पावतीपुस्तकं छापायला जातात तेव्हाच, आषाढात, मंडळाकडे जा. भाद्रपद लागल्यावर कार्यकर्ते मांडवात असतात, अहवाल बघायला कुणी नसतं.