मी मोठी, तो लहान: नागपूरकरांनो, तुमच्या घरी काय झालं?

मी ४६, तो ३७. चार वर्षांपासून सोबत आहोत. परवा फुटाळा तलावावर भुट्टेवाल्यानं त्याला विचारलं, "दीदीला तिखट जास्त लावू का?" दीदी म्हटल्याचं काही वाटलं नाही, पण मी त्याच्या हातातला हात झटकन काढून घेतला, ते मनाला लागलं. घटस्फोटानंतर आईनंच माझ्यासाठी एका विधुराचं स्थळ आणलं होतं, चौदा वर्षांनी मोठं. तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही. आता मात्र मावशी फोनवर आवाज बारीक करून बोलते. तुमचं कसं झालं ते लिहा, बरं असो की वाईट.

७१, महाल
आमचं लग्न १९८० चं. मी यांच्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठी. वडिलांनी पत्रिकेत जन्मसाल बदलून घेतलं होतं. सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मॅट्रिकचं सर्टिफिकेट मी पेटीत लुगड्यांच्या खाली दडवून ठेवायची. यांना सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. साठीशांतसुद्धा खोट्या सालानंच झाली. आता नात चार वर्षांनी लहान असलेल्या पोराशी लग्न करते आहे, आणि तिनं ते स्वतःच सगळ्यांना सांगितलं. त्या रात्री मी पेटी उघडली आणि ते सर्टिफिकेट तिच्या हातात दिलं. ती खूप वेळ ते बघत बसली.

३४, मिहानमध्ये नोकरी
मी यातला 'लहान'. ती ४१ ची. मित्र विचारतात, "काहून बावा, फ्लॅट तिच्या नावावर आहे काय?" फ्लॅटचा हप्ता आम्ही अर्धा-अर्धा भरतो.
१९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं. त्यात लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत तीस दिवस लागलेली असते आणि तिच्यात वयाचा रकाना असतो. कोणीतरी फोटो काढून काटोलच्या काकांना पाठवला. काका दुसऱ्याच दिवशी घरी हजर. "हरकत घेतो," म्हणाले. पण मुलगा २१ चा आणि मुलगी १८ ची झाली की वयाची अट संपते. कोण मोठं, ही हरकत त्या कायद्यात बसतच नाही. आई रडत होती. बाबा क्रिकेटवेडे, ते एवढंच बोलले, "अंजली सचिनपेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. १९९५ पासून संसार चाललाच आहे ना?" काका चहा न घेता गेले. लग्नाला मात्र आले.

५२, इतवारी
आमचं तुटलं. त्याला मूल हवं होतं, माझं वय ४५ होतं. वयामुळे तुटलं हे मी लपवत नाही. "आम्ही सांगितलं होतं" असं म्हणणाऱ्यांनी मात्र माझी ती तीन वर्षं पाहिली नाहीत. त्याआधीच्या लग्नाच्या एकोणीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, तुला काय खायचंय म्हणून.

२२, विद्यार्थिनी
माझी आई ४८ ची, ती ज्यांच्यासोबत आहे ते ४० चे. मी सहा महिने तिच्याशी धड बोलले नाही, त्याची आज लाज वाटते. बाबा गेल्यावर ज्यांनी साधी चौकशी केली नाही, तेच नातेवाईक "लोक काय म्हणतील" म्हणत आले. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं.

४६, धागा सुरू करणारी
महालच्या काकू, तुमचं आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मिहानवाल्या दादा, नोटिशीसाठी काय काय कागद लागले ते सांगाल का? सोमवारी आम्ही दोघं जाऊन येणार आहोत.