अमेरिका लोकशाही आहे की प्रजासत्ताक? जाम गोंधळ झालाय

रानपाखरू
सध्या अमेरिकेच्या सरकारबद्दल अगदी बेसिकपासून वाचतोय. एकाच्या हातात सत्ता म्हणजे राजेशाही, मूठभरांच्या हातात असली तर अल्पजनसत्ता, लोकांच्या हातात असली तर लोकशाही, इथपर्यंत ठीक होतं. पण मग कळलं की अमेरिकेच्या राज्यघटनेत डेमोक्रसी हा शब्दच नाहीये, सर्च करून पाहिलं, खरंच एकदाही नाही!! उलट कलम 4 मध्ये प्रत्येक राज्याला रिपब्लिकन (म्हणजे प्रजासत्ताक) स्वरूपाच्या सरकारची हमी दिलीय. त्यात 2000 आणि 2016 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत देशभरात जास्त मतं मिळालेला उमेदवार हरला. मग जे लोक म्हणतात अमेरिका लोकशाही नाहीच, ते बरोबर आहेत का?

शाईपेन
नाही, शब्दाच्या अर्थामुळे घोळ होतो. घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने घटनेच्या बाजूने लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखांपैकी क्रमांक 10 मध्ये लोकशाही म्हटलं तेव्हा त्याच्या डोक्यात जुन्या अथेन्ससारखा प्रकार होता, म्हणजे नागरिकांनी एकत्र जमायचं आणि कारभार स्वतःच करायचा. लोकांनी प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी कारभार बघायचा, याला तो रिपब्लिक म्हणायचा. आज आपण त्यालाच प्रातिनिधिक लोकशाही म्हणतो. आणि नुसतं राजा नसणं म्हणजे प्रजासत्ताक असं धरलं तर ब्रिटनमध्ये राजा असून लोकशाही आहे आणि उत्तर कोरिया स्वतःला प्रजासत्ताक म्हणवतो. अमेरिका दोन्ही आहे, यातलं एकच निवडायची गरज नाही.

जुनी_वही
शाईपेन यांचं पटलं, पण मला वाटतं शब्दांपेक्षा ती घटना कुठल्या भीतीतून आली ते बघा, तिथे खरी मजा आहे. 1776 ला ब्रिटनच्या राजाला झुगारलं म्हणून पहिलं केंद्र सरकार मुद्दाम लुळं ठेवलं. आताच्या घटनेआधी तेरा राज्यांमध्ये जो करार होता (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, 1781), त्यात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे फक्त पैसे मागायचे, दिले तर दिले. आयात मालावर 5 टक्के जकात लावायचं ठरवलं तर एकटं ऱ्होड आयलंड नाही म्हणालं आणि विषय संपला, कारण करारात बदल करायला तेराच्या तेरा राज्यं लागायची! मग 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जाने आणि करांनी पिचलेले शेतकरी उठले, डॅनियल शेज हा त्यांचा पुढारी, तो स्वतः स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. काँग्रेसकडे तो उठाव थांबवायला ना पैसा ना फौज, शेवटी राज्याने बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर सैन्य उभं केलं.
त्यामुळे 1787 ला फिलाडेल्फियात 55 जण जमले ते दोन भीती घेऊन, एक राजाची आणि एक अराजकाची. सत्तेचे तीन भाग करून प्रत्येकाला दुसऱ्याला अडवायची सोय दिली ती यातूनच. अध्यक्ष व्हेटो वापरून काँग्रेसचा कायदा अडवणार, काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी तो मोडणार, न्यायाधीश अध्यक्ष नेमणार पण सेनेटची (काँग्रेसचं वरचं सभागृह) संमती लागणार.

मेघ_मल्हार
हे सगळं खरं, पण लोक म्हणजे कोण हेही सांगा ना. तेव्हा बहुतेक ठिकाणी मालमत्ता असलेले गोरे पुरुषच मत देत होते. गुलामांना मत नाही, पण प्रतिनिधिगृहाच्या (काँग्रेसचं खालचं सभागृह) जागा मोजताना त्यांना तीन पंचमांश धरायचं, म्हणजे जागा मालकांच्या राज्यांना मिळणार. 1870 मध्ये पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला बंदी घातली तरी दक्षिणेत साक्षरता चाचण्या वगैरे लावून कृष्णवर्णीयांना रोखलंच, 1965 चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत. बायकांना देशभर हक्क 1920 ला. पायाबद्दल बोलताना हे सोडलं की मला फार त्रास होतो.

रानपाखरू
खूप आभार सगळ्यांचे. पण मग 2000 आणि 2016 चं काय?

जुनी_वही
ते त्याच 1787 च्या तडजोडींमधून आलंय. मोठ्या राज्यांना लोकसंख्येवर जागा हव्या होत्या, छोट्यांना समान, म्हणून प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर आणि सेनेटमध्ये प्रत्येकी 2. अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टर्सचा आकडा म्हणजे या दोन्हींची बेरीज, त्यामुळे छोट्या राज्याला जरा जास्त वजन मिळतं. आज एकूण 538, जिंकायला 270. त्यात मेन आणि नेब्रास्का सोडली तर राज्यात जो पुढे त्याला तिथली सगळी मतं, म्हणजे एखादं राज्य थोडक्यात जिंका किंवा लाखोंनी, फळ सारखंच. असं जिंकणं-हरणं 1876 आणि 1888 लाही झालंय.

मेघ_मल्हार
आणि बदलायचं म्हटलं तर घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यं लागतात, त्यात वजन कमी होणारी छोटी राज्यंही आलीच. सेनेटच्या समान जागांचं तर त्याहून अवघड, कलम 5 मध्येच लिहिलंय की कुठल्याही राज्याचा तो हक्क त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढता येणार नाही.