बंगल्यातल्या वरच्या तीन खोल्या मुलींना भाड्याने द्याव्यात का? (कर्वेनगर, पुणे)

प्रश्न – कर्वेनगरची सून

नमस्कार मंडळी. आमचा कर्वेनगरात जुना बंगला आहे. खाली आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. वर तीन खोल्या, एक संडास-बाथरूम आणि पुढे गच्ची. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, त्यानंतर सासरे गेले, आणि तेव्हापासून वरचा मजला बंदच आहे. रविवारी मी वर जाते, खिडक्या उघडते, केर काढते आणि पुन्हा कुलूप लावून खाली येते.

ह्यांची निवृत्ती पुढच्या जूनमध्ये. खासगी नोकरी, त्यामुळे पेन्शन नाही. महिन्याला पंधरा-वीस हजार येत राहिले तर सासूबाईंची औषधं आणि किराणा निघेल, ठेवींना हात लावावा लागणार नाही.

कमिन्स कॉलेज जवळ असल्यामुळे मुली गेटवर येऊन ‘काकू, खोली आहे का?’ असं विचारून जातात. एक एजंट म्हणतो, कॉट बेसिसवर द्या, खोलीत तीन कॉट टाका, नऊ मुली बसतील, माणशी साडेपाच हजार. दुसरा म्हणतो, सबंध मजला एका कुटुंबाला द्या, कटकट नको. ह्यांच्या मावसभावाची जागा भाडेकरूने अडवली होती, निम्मं आयुष्य कोर्टात गेलं, म्हणून हे कुटुंब म्हटलं की बिचकतात. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. वर जायचा जिना आमच्या दिवाणखान्यातून आहे, आणि त्या दुपारी तिथेच दिवाणावर पडतात. ‘रोज परकी माणसं माझ्या उशापायथ्याने जाणार का?’ असं त्यांनी विचारलं, त्यावर मला उत्तर देता आलं नाही.

मुली ठेवाव्यात का, किती, कराराचं काय, आणि जेवण द्यावं का? ज्यांनी स्वतः राहत्या घरात खोल्या दिल्या आहेत त्यांनी सांगावं.

---

उत्तर – करारवाला

भाडेकरारांच्या नोंदणीचंच काम करतो, म्हणून कागदापुरतं सांगतो.

मावसभावांचं प्रकरण बहुधा १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातलं असेल. त्यात भाडेकरूला मोठं संरक्षण होतं. आज तुम्ही करणार तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारा करार. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण त्यासाठी करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवायचं. महिना ९,००० आणि डिपॉझिट ३०,००० असेल तर अकरा महिन्यांचे अडीचशे-तीनशे रुपये होतात. शहरात नोंदणी फी १,०००. आधारवर अंगठा घेऊन घरबसल्या होतं.

आता तीन गोष्टी, ज्या लोक विसरतात. बंगला अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर आधी वारसांची नावं लावून घ्या, करारावर मालक म्हणून सही कुणाची हा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. दुसरं, पहिल्या वर्षाच्या मुली पुष्कळदा अठराच्या आतल्या असतात. त्यांच्याशी केलेला करार टिकत नाही, तो आई-वडिलांशी करा. तिसरं, सगळ्या मुली एकाच करारात घालू नका. एक सोडून गेली की सगळा कागद नव्याने करावा लागतो.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवा. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलेल्या जागेला नसते. तो वाढीव कर धरूनच भाडं ठरवा. प्राप्तिकरात मिळकतकर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

---

उत्तर – नवी पेठेतली काकू

ताई, करार वगैरे वरच्या भावांनी नीट सांगितलंय. मी घरातलं सांगते. आमच्याकडे माडीवर वर्षानुवर्षं मुली राहतात, बहुतेक एमपीएससीच्या. शास्त्री रस्त्याला क्लास आणि अभ्यासिका असल्यामुळे आमच्या भागात निम्म्या घरांत हेच.

आधी जिना. भाडं, एजंट, कॉट सगळं नंतर. बाहेरून लोखंडी जिना चढवून गच्चीत दार काढता येतं का ते पाहा आणि ते झाल्याशिवाय एकही मुलगी ठेवू नका. सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हातारं माणूस आपल्याच घरात अवघडून बसलं तर ते पैसे काय कामाचे? आणि मुलीचाही विचार करा. रोज कुणाच्या तरी दिवाणखान्यातून ओली छत्री आणि चपला हातात घेऊन जायचं, मैत्रिणीला आणायचं तर सगळ्यांची तोंडं बघत आणायचं, हे तिलाही जाचक. वर्षभरात तीही कंटाळते आणि तुम्हीही. जिन्याचा खर्च पहिल्या वर्षाच्या भाड्यातून निघतो असं धरा.

नऊ मुली एका संडासावर? त्या एजंटला पुन्हा दारात उभं करू नका. सकाळी सात ते साडेआठ एक बाथरूम चार जणींना पुरतं, ते सुद्धा कुणी कधी जायचं हे आपसात ठरलं तर. दोन खोल्या, दोन-दोन मुली. माणशी साडेसहा मिळाले तरी २६,००० होतात. तुम्हाला लागतात पंधरा-वीस, मग हाव कशाला? तिसरी खोली मुलासाठी असू दे. तो घरी आला की त्याला स्वतःच्याच घरात गादी शोधावी लागू नये.

वर्षाचे बारा महिने धरू नका, दहाच धरा. परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या होतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या मुली दोन दिवसांचे कपडे घेऊन गावी गेल्या त्या कित्येक महिने आल्याच नाहीत. पुस्तकांची खोकी, गाद्या, एकीची तुळस, सगळं माडीवर. कुणाचे वडील कोरडवाहू शेतकरी, कुणाचे एसटीत. मी भाडं मागितलं नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही, पण ज्या घराची चूल त्या भाड्यावर होती त्यांचे हाल मी शेजारी पाहिले. म्हणून औषधांचे पैसे दुसरीकडून येतील अशी तजवीज ठेवा.

विजेला वर सबमीटर बसवून घ्या आणि त्याचं रीडिंग दर एक तारखेला मुलीनेच वहीत लिहायचं, शेजारी तुमची सही. आमच्याकडे ही वही जिन्याच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेली असते. महावितरणचे दर जसजशी युनिटं चढतील तसे चढतात, त्यामुळे गिझर आणि इस्त्रीवरून हमखास खटके उडतात. वही आली आणि आमच्याकडे विजेवरून एकदाही आवाज चढला नाही. पाण्याचं तसंच. वरच्या टाकीतलं पाणी दोन्ही मजल्यांना जात असेल तर वरच्यांसाठी निराळी टाकी बसवा.

जेवण देऊ नका. डबे आणि मेस पुण्यात हव्या तेवढ्या आहेत. चार मुलींचं दोन वेळचं म्हणजे तुमचा सगळा दिवस गेला. सणाला पुरणपोळी वर पाठवा, ती वेगळी गोष्ट.

वेळेचं मी स्पष्ट बोलते, काहींना पटणार नाही. मी नवाला गेट लावत नाही. अभ्यासिकेतून साडेदहाला येणाऱ्या मुलीला बाहेर उभं करणं मला जमणार नाही. प्रत्येकीला किल्ली देते आणि उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकायला सांगते. आणि ती नसताना तिच्या खोलीत मी पाऊल ठेवत नाही. प्लंबर आला तरी आधी फोन. भाडं घेतलं म्हणजे ती खोली तिची.

एक शेवटचं. मुलगी आजारी पडते. डेंग्यूत एकीला चार दिवस मीच पेज करून दिली, आई पोहोचेपर्यंत रक्ताचे रिपोर्टही मीच आणले. हे कुठल्या करारात नसतं. तेवढी तयारी मनात नसेल तर सरळ कुटुंबाला द्या, त्यात कमीपणा नाही.

---

उत्तर – लातूरकडची

मी पुण्यात भाड्याच्या खोल्यांत राहूनच शिकले, म्हणून मुलीच्या बाजूने दोन शब्द.

काकूंसारखी घरमालकीण मला दुसऱ्या खोलीत मिळाली. पहिल्या ठिकाणी सकाळी सातला गिझरचं बटण खालून बंद व्हायचं, आणि खोली सोडताना ‘रंगकामाचे’ म्हणून माझं सगळं डिपॉझिट कापलं. भिंतीला मी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. वडिलांनी ते पैसे सोयाबीन विकून दिले होते, मला आजही त्याचा राग येतो.

तर ताई, मुलगी राहायला येईल त्या दिवशी तिच्यासमोर भिंती, गादी, नळ, फॅन यांचे फोटो काढा आणि तिला पाठवून ठेवा. डिपॉझिटमधून काय कापणार ते करारातच लिहा. प्रत्येक कॉटजवळ चालू प्लग द्या आणि टेबल-खुर्ची द्या, कॉटवर बसून अभ्यास करून पाठ जाते. दाराला आतून दणकट कडी हवी. आई खोली बघायला आली की ती आधी कडी बघते आणि मग भाडं विचारते, माझ्या आईने तेच केलं होतं.

---

कर्वेनगरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. जिन्यापर्यंत आल्यावर ‘ही बाई शहाणी आहे’ म्हणाल्या. फॅब्रिकेटरला माप घ्यायला बोलावलंय. घर सासऱ्यांच्याच नावावर निघालं, त्यामुळे हे आणि नणंद मिळून वारसांचं काम आधी करतील. मग दोन खोल्या, चार मुली. एकच राहिलं. मुलींना चहा-मॅगीपुरतं वर काही करू द्यावं का? गॅसची मला भीती वाटते.

---

नवी पेठेतली काकू

द्या, पण सिलेंडर नको. गच्चीच्या दाराशी कडप्प्याचा छोटा ओटा, त्यावर एक इंडक्शन, शेजारी बेसिन. खोलीत शेगडी चालणार नाही हे आधीच सांगा. इंडक्शनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, साध्या प्लगवर लावलं तर वायर तापते. आणि कर्वेनगरात माकडं येत असतील तर ओट्यावर जाळी बसवा.