वादातला इतिहास असलेली स्मारकं बघून आलात का? तुमचे अनुभव सांगा

दिल्लीला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून कोरोनेशन पार्क बघितलं. १९११ च्या दरबारात, १२ डिसेंबरला, पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायची घोषणा केली ती हीच जागा, तिथे उंच दगडी स्तंभ आहे. आणि इंडिया गेटसमोरच्या छत्रीत जो त्याचा पुतळा होता, तो १९६८ मध्ये हटवला, तोही आता इथेच उभा आहे, पांढऱ्या संगमरवरातला, पायघोळ झगा. आजूबाजूला व्हॉइसरॉय वगैरे मंडळींचे पुतळे आणि मधेमधे नुसतेच रिकामे चौथरे. ते चौथरे बघून मी थांबलोच. लाल दगड उन्हाने चांगला तापलेला, सावलीच्या बाजूला एक आजोबा टेकून बसलेले, त्यांना विचारलं हा पुतळा कुणाचा तर म्हणाले, कोणीतरी राजा आहे. राग यायला हवा होता की काय कळेना. पण हे सगळं फोडून टाकलं असतं तर मी तिथे गेलोच नसतो, एवढं मात्र नक्की वाटलं. तुम्ही अशा जागी गेला असाल तर मोकळेपणाने लिहा, पक्ष-बिक्ष बाजूला ठेवून, तिथे उभं राहून काय वाटलं ते.

*

बुडापेस्टचं मेमेंटो पार्क. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर रस्त्यारस्त्यांवरचे लेनिन, मार्क्स, एंगेल्स उचलून शहराबाहेर एकत्र ठेवलेत, १९९३ पासून ते लोकांना खुलं आहे. दाराबाहेर स्टालिनचे नुसते बूट आहेत (प्रतिकृती आहे). १९५६ च्या उठावात लोकांनी त्याचा पुतळा पाडला आणि चबुतऱ्यावर फक्त बूट राहिले, त्याची ती आठवण. आमच्यातले बरेच जण पुतळ्यांसारखी पोझ देऊन फोटो काढत होते, मीही काढला. आम्ही जिथे राहिलो होतो त्या घरमालकीणबाईंना मी आग्रह केला होता सोबत चला म्हणून, त्या म्हणाल्या, शाळेतून दर वर्षी त्यांच्यापुढे फुलं वाहायला नेत असत, आता परत तिथे पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी तो फोटो त्यांना दाखवायची हिंमत झाली नाही, नंतर डिलीटच केला.

*

मी तैवानला नोकरीसाठी होते. तैपेईत २२८ शांती स्मारक उद्यान आहे, २८ फेब्रुवारी १९४७ वरून ते नाव. सिगारेट विकणाऱ्या एका बाईला आदल्या संध्याकाळी मारहाण झाली त्यावरून लोक पेटले आणि पुढे सैन्याने हजारो माणसं मारली. मार्शल लॉ १९८७ पर्यंत होता, त्यामुळे घरातसुद्धा कुणी त्यावर बोलायचं नाही. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे आजोबा तेव्हा गेले, आणि तिच्या आईला कित्येक वर्षं एवढंच सांगितलेलं की ते बाहेरगावी गेलेत. तीच मला एका रविवारी त्सिहूला घेऊन गेली, तिथे चांग काय-शेकचे, म्हणजे ते सैन्य ज्याच्या सरकारचं होतं त्याचे, ठिकठिकाणहून काढून आणलेले दोनशेच्या वर पुतळे आहेत, कुठे बसलेला, कुठे घोड्यावर. बऱ्याच पुतळ्यांच्या चेहऱ्यावर हसू आहे. ती एकेकासमोर थांबत, काही न बोलता सगळी बाग फिरली, मी मागेमागे. परत येताना बसमध्ये तिने माझा हात धरला होता.

*

हिरोशिमाबद्दल थोडंसं. तिथे अणुबॉम्बमध्ये गेलेल्या कोरियन लोकांचं वेगळं स्मारक आहे, दगडी कासवाच्या पाठीवर उभा स्तंभ. ते १९७० मध्ये बांधलं तेव्हा पार्कच्या बाहेर होतं, आत आणलं १९९९ मध्ये. मेलेल्या माणसांनाही आत यायला एवढी वर्षं लागावीत हे मला फार लागलं.

*

मी जालियनवाला बाग दोनदा बघितली, २०१२ आणि २०२२. पहिल्या वेळी ती आत जायची अरुंद गल्ली नुसती विटांची होती. डायरच्या चिलखती गाड्या ह्याच बोळात शिरल्या नाहीत, आणि सैनिकांनी हीच वाट अडवल्यावर आतल्या माणसांना दुसरी धड वाट नव्हती, हे तिथून चालताना अंगावर यायचं. २०२१ च्या नूतनीकरणात त्या भिंतींवर माणसांची शिल्पं बसवलीत, हसरी, बागेत निघालेली. तेव्हा लोक खरंच असेच आले असतील, बैसाखीच होती, करणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण सगळं गुळगुळीत झालंय. आई पहिल्यांदा आली होती तेव्हा त्या विटांवर हात फिरवत हळूहळू आत गेली होती. ह्या वेळी गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीपर्यंत ती सरळ चालत गेली, आणि तिथे मात्र बराच वेळ उभी राहिली.