'कॅरी' हातचा, मग 'बॉरो' काय?

फळा_खडू:
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला डिजिटल टेक्निक्स शिकवते. वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून नोट्स मराठीत काढतेय. गेट, बिट (० किंवा १ असा एक आकडा), क्लॉक, फ्लिपफ्लॉप हे सगळं तसंच ठेवलंय. अडलंय ते बेरीज-वजाबाकीच्या सर्किटपाशी. फुल ॲडर म्हणजे बिटांची बेरीज करणारं सर्किट, त्यातल्या कॅरीला सरळ 'हातचा' लिहिलं, आत येणारा हातचा आणि बाहेर जाणारा हातचा, मुलांना लगेच समजलं. सबट्रॅक्टरला, म्हणजे वजाबाकीच्या सर्किटला, बॉरोसाठी (शेजारच्या घराकडून घेतलेला एक) 'उसना' लिहिलं तर एक मुलगा म्हणाला, मॅडम आम्ही वजाबाकीतपण हातचाच म्हणतो, 'हातच्याची वजाबाकी' असा धडाच होता की. सहकाऱ्यांचं म्हणणं, दोन वेगळ्या सिग्नलना एकच शब्द ठेवलास तर पेपरात घोळ होणार. तुमच्याकडे काय म्हणतात?

तळटीप:
उसनाच बरोबर. हातचा म्हणजे आपल्या हाती शिल्लक राहिलेला. ८ आणि ७ पंधरा, पाच मांडले, एक हाती राहिला, तो हातचा. शेजारच्या घराकडून मागून आणलेला एक आपल्या हातचा कसा होईल? पाठ्यपुस्तकात आहे म्हणून तो बरोबर ठरत नाही. 'हातचा राखून बोलणे' हा वाक्प्रचारसुद्धा माझ्या मते या गणितातूनच आलाय, सगळं मांडायचं नाही, थोडं हातात ठेवायचं.

निळी_शाई:
वाक्प्रचार गणितातून नाही हो आला, गणितातला शब्दच व्यवहारातून आलाय. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतो तेव्हा कुठे बेरीज असते?

आता वजाबाकीचं. आमची आजी वजाबाकी करायची ती आत्ताच्या मुलांसारखी नाहीच. ४०२ वजा १७८ घ्या. ती म्हणायची, दोनातून आठ जात नाहीत, बारातून आठ गेले चार, हातचा एक. सात आणि एक आठ, दहातून आठ गेले दोन, हातचा एक. एक आणि एक दोन, चारातून दोन गेले दोन. उत्तर २२४. म्हणजे वरच्या आकड्याकडून ती काही मागतच नव्हती, वर दहा वाढवले की खालच्या पुढच्या आकड्यात एक वाढवायची. तो एक खरंच हातात धरून पुढच्या घरात न्यायचा, बेरजेतल्यासारखाच. उसना हा शब्द दशक सुटा करून घ्यायच्या पद्धतीला शोभतो. आजीच्या पद्धतीला हातचाच शोभतो. दोन शब्द नाहीत, दोन पद्धती आहेत.

घाटमाथा:
निळी शाई, हे फार मोलाचं लिहिलंत, कारण फुल सबट्रॅक्टर अगदी तुमच्या आजीसारखाच चालतो. त्याला तीन इनपुट असतात, वरचा बिट, खालचा बिट आणि मागच्या घरातून आलेला बॉरो, आणि तो वरच्यातून बाकीचे दोन्ही वजा करतो. म्हणजे आलेला एक खालच्यात मिळवूनच वजा होतो. वर ०, खाली १ आणि आलेला १ असेल तर खालचे झाले दोन, वर द्विमानात (फक्त ० आणि १ वापरून मोजतात ती पद्धत) १० म्हणजे दोन धरले, बाकी ०, पुढे परत १. शाळेत आता शिकवतात त्या पद्धतीने ४०२ मध्ये दशकाच्या घरात शून्य आहे म्हणून शतकाकडे जावं लागतं, तिथून सुटे करत परत यावं लागतं. सर्किटमधल्या एका घराला डावीकडे कोण काय बसलंय ते दिसत नाही, त्याला फक्त उजवीकडून आलेली एक तार दिसते. त्यामुळे फळा_खडू मॅडम, माझं मत हातचाच ठेवा, आणि आजीची रीत फळ्यावर करून मग ट्रुथ टेबल (कुठल्या इनपुटला काय आउटपुट याचा तक्ता) मांडा, आठच्या आठ ओळी मुलं स्वतः भरतील.

सराफा:
आम्ही इंदूरचे, घरी मराठी आणि शाळा हिंदी, त्यामुळे आमच्या तोंडी बेरजेत 'हासिल' आणि वजाबाकीत 'उधार'. आई हातचा म्हणायची, बाई हासिल म्हणायच्या, आणि दोन्ही चाललं. दोन शब्द असले की मुलाला निदान हे तरी कळतं की कुठल्या दिशेचं काम चाललंय. हासिल मराठीत घ्यायला काय हरकत आहे? अरबीतून आलेला आहे, तसे वसूल, बाकी, जमा आपण घेतलेच की.

तळटीप:
हासिल घेण्याची गरज काय, आपल्याकडे शब्द आहेत. १२व्या शतकात भास्कराचार्यांच्या लीलावतीत बेरीज-वजाबाकीला संकलित आणि व्यवकलित म्हटलंय. त्यावरून ॲडर म्हणजे संकलक आणि सबट्रॅक्टर म्हणजे व्यवकलक. नोट्स मराठीत काढायच्या आणि निम्मे शब्द इंग्रजी ठेवायचे याला मी तरी मराठी म्हणणार नाही. तंत्रशिक्षणाच्या एआयसीटीई या परिषदेने २०२१-२२ पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायची परवानगी दिली ती काय 'फुल ॲडरमध्ये कॅरी इन येतो' असं लिहायला?

निळी_शाई:
संकलक म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे सिनेमाची कापाकापी करणारा माणूस येतो. आणि व्यवकलक मुलांना तोंडी परीक्षेत उच्चारून दाखवायला सांगा.

तळटीप:
उच्चार सवयीचा असतो. मल्टिप्लेक्सर उच्चारतातच ना.

फळा_खडू:
तळटीप, तुमची कळकळ समजते पण या मुलांना उद्या आयसीची डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, वाचायची आहे, ७४८३ ही चिप लावून चार बिटांची बेरीज करायची आहे, तिथे कॅरी हाच शब्द छापलेला असणार. मराठी शब्द मला समजावण्यासाठी हवाय, इंग्रजी पुसून टाकण्यासाठी नाही. हातचा बालवाडीपासून कानावर आहे म्हणून तो घेतला. संकलक मला त्यांना आधी शिकवावा लागेल.

घाटमाथा:
हातच्याच्या बाजूने अजून एक. ८०८५ प्रोसेसरमध्ये कॅरी आणि बॉरोला वेगळे फ्लॅग (निकालाची खूण ठेवणारे बिट) नाहीतच, एकच कॅरी फ्लॅग, बेरजेत कॅरी दाखवतो आणि वजाबाकीत बॉरो. म्हणजे बनवणाऱ्यांनीही एकाच शब्दात दोन्ही बसवलं.

गारगोटी:
थांबा, इथेच गाडी अडते. मी एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आत बसवलेल्या प्रोसेसरांचं काम) आहे, रोज एआरएम प्रोसेसरशी काम. वजाबाकी आतमध्ये बेरीज करूनच होते, खालच्या संख्येचे बिट उलटे करायचे आणि वर एक मिळवायचा. चार बिटांत ५ वजा ३ करा: ०१०१ अधिक ११०० अधिक १, उत्तर ००१० आणि बाहेर कॅरी १. आता ३ वजा ५: ००११ अधिक १०१० अधिक १, उत्तर १११० आणि कॅरी ०. म्हणजे उसना घ्यावा लागला तेव्हा कॅरी शून्य आणि नाही लागला तेव्हा एक. ८०८५ हा बिट उलटा करून फ्लॅगमध्ये ठेवतो, एआरएम जसाच्या तसा ठेवतो. दोन्हीला हातचा म्हटलंत तर एआरएमवर वजाबाकीनंतर 'हातचा एक' म्हणजे बॉरो नाही, असं शिकवावं लागेल. मुलं वेडी होतील. म्हणून हातचा आणि उसना वेगळेच हवेत, सहकाऱ्यांचं बरोबर आहे.

निळी_शाई:
तो घोळ शब्दाचा नाही, एआरएमच्या रचनेचा आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्यांनाही तो पडतोच.

गारगोटी:
पडतो, पण त्यांच्याकडे बोट ठेवायला दोन शब्द असतात. कॅरी एक म्हणजे बॉरो नाही, हे वाक्य इंग्रजीत बोलता येतं. तुमच्या मराठीत ते 'हातचा एक म्हणजे हातचा नाही' असं होईल.

घाटमाथा:
हे मान्य. पण हे प्रोसेसरच्या पेपरातलं. डिजिटलच्या पहिल्या सर्किटला आजीची रीतच जास्त उजेड पाडते.

तळटीप:
म्हणजे एकाच मुलाला एका पेपरात हातचा आणि पुढच्यात उसना? शास्त्रात संज्ञा एक असावी लागते.

सराफा:
म्हणून तर म्हणतो, हासिल.

फळा_खडू:
पुढचा प्रश्नही आत्ताच विचारून ठेवते. ऑक्झिलरी कॅरीला काय लिहू? ९ आणि ८ बीसीडीत (दशमानाचा एकेक आकडा चार बिटांत लिहायची पद्धत) मिळवले की खालच्या चार बिटांतून वरच्या चारांत जो एक जातो, ज्याच्यावरून प्रोसेसरची डीएए ही सूचना सहा मिळवायचं ठरवते आणि १७ येतात, तो. माझ्या मनात 'मधला हातचा' आहे.

तळटीप:
साहाय्यक संचार.

निळी_शाई:
मधला हातचा. फार छान आहे, तोच ठेवा.

गारगोटी:
वजाबाकीतही तोच फ्लॅग चालतो काही प्रोसेसरांवर, मग मधला हातचा की मधला उसना?